तीन दिवसांची हवा

सोमवारी भरली की गुरुवारी बसते,
म्हणाले कादोवाकी.
सायकल दुकानाच्या दारात टेकवली
आणि टोपी काढली नाही, म्हणजे रागात होते.

"कुणीतरी रात्री हवा सोडतं."
कोण, ते सांगितलं नाही. पण मात्सुएच्या या गल्लीत
सगळ्यांना ठाऊक आहे की त्यांच्या कुंपणापलीकडे
इशिबाशींचा नातू राहतो, चौदा वर्षांचा,
आणि उन्हाळ्यापासून ही दोन घरं
कचरा टाकायलासुद्धा वेगवेगळ्या वेळी निघतात.

मी काही बोलले नाही.
सासऱ्यांनी दुकान हाती देताना सांगितलं होतं,
आधी टायरशी बोल, गिऱ्हाइकाशी नंतर.

टायरच्या आतून बोटं फिरवली,
उलटी, मग सुलटी.
काच नाही, तार नाही, काटा नाही.
वाळूचे चार कण निघाले, ते तळ्याकाठचे.
ट्यूब फुगवून घमेल्यात दाबली,
वीत वीत पुढे सरकवली,
पोराच्या मानेवरचा मळ शोधावा तशी.
पाणी गप्प.
एक जुनं ठिगळ होतं, माझ्याच हातचं.
तिथे जरा जास्त वेळ थांबले.
तेही गप्प.

"बघा," कादोवाकी म्हणाले, "भोक नाहीच.
म्हणजे माणूसच."

मोठं भोक बरं. खिळा सापडतो,
खिळ्याला शिव्या घालता येतात.
हळू जाणाऱ्या हवेला आवाज नसतो,
मग आवाज आपणच पुरवतो रात्रभर:
पावलं, फाटकाची कडी,
कुणीतरी दाबून धरलेलं हसू.

चाक परत चढवलं, हवा ठासून भरली,
बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडाला लावली
(खरं तर हे सगळ्यात आधी करायचं असतं,
सासरे असते तर बोलले असते)
आणि म्हटलं, आता दम धरा.

चार मिनिटं गेली. बाहेर बस थांबली, गेली.
थुंकीचा पडदा आधी सपाट होता,
मग भिंगासारखा उचलला,
मग झोपलेल्या तान्ह्याच्या ओठांवर येतो
तसा एक फुगा. फुटला.
आणि दुसरा, तितक्याच सावकाश.
कादोवाकी वाकून बघत होते,
त्यांचा स्वतःचा श्वास अडलेला.

नट फिरवून काढला.
आत पितळी कांडीवर रबराची बारीक नळी असते,
आमच्याकडे तिला किडा म्हणतात.
किडाच तो. जन्मभर अंधारात बसतो,
आत येणाऱ्या हवेला वाट देतो,
जाणारीला अडवतो.
हा कधीचाच मेला होता. टोकाला चिरफळलेला,
चिमटीत धरला तर चिकट काळं पीठ.

"कधी बदलला होता?"

"ते तामाए बघायची," म्हणाले,
आणि टोपी काढली.

नवा किडा ओला करून कांडीवर ओढला.
शंभर येन.
त्यांनी सुटे मोजून ठेवले, उभेच राहिले,
मग आणखी शंभर ठेवले.
"अजून एक द्या. त्या पोराच्या सायकलचंही
मागचं चाक बसलेलं असतं."
मी बघत राहिले तेव्हा म्हणाले,
"पाळत ठेवली होती, म्हणून दिसलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली,
शिंजी तळ्यातल्या काळ्या बारीक शिंपल्या, ओल्या.
त्या किड्याचं काय झालं ते विचारायला
मी चपला घालून बाहेर येईपर्यंत
म्हातारा वळणावर पोचला होता,
टणक चाकांवर, जरा जास्तच जोरात.

रात्री शिंपल्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या,
वाळू ओकायला. दिवा मालवला.
अंधारात ओट्यावरून
एक बुडबुडा. बऱ्याच वेळाने आणखी एक.
कुठून येतात ते
मी उठून बघितलं नाही.